मॅलिंगरिंग

मोबाइलवरच्या डिक्शनरीतली बाई तो शब्द इतक्या गोड आवाजात म्हणत होती, की महेशला मोबाइल बाथरूमच्या भिंतीवर आपटावासा वाटला. मॅलिंगरिंग. बटण दाबलं की पुन्हा तेच, नुकत्याच झालेल्या बाळाचं नाव सांगावं तशी सांगत होती. तोंडाला फेस, एका हातात रेझर, दुसऱ्या हाताचा अंगठा त्या बटणावर, असा तो उभा होता आणि दाढी अर्धीच झाली होती. त्याचे वरिष्ठ धनराज सर, त्यांनी आजच्या चौकशीचे कागद काल संध्याकाळी पाठवले होते. त्यात गोटीराम भोये, प्रेस शॉप, याच्या पाठीबद्दल कंपनीच्या डॉक्टरांनी एवढा एकच शब्द लिहिला होता आणि खाली सही ठोकली होती. महेशने हा शब्द आधी कधी वाचला नव्हता. एचआरच्या खुर्चीत बसून त्याने वर्षानुवर्षं इंग्रजीच चघळलं होतं. अ‍ॅब्सेंटीझम, मिसकंडक्ट, इनसबॉर्डिनेशन हे शब्द त्याला आता घरातल्या भांड्यांइतके ओळखीचे झाले होते. हा मात्र ठेवणीतला निघाला. मोबाइलवर खाली अर्थ दिला होता: काम टाळण्यासाठी आजारी असल्याचं खोटंच भासवणे. आणि कागदांच्या मागोमाग सरांचा व्हॉइस मेसेज आला होता, आवाज नेहमीसारखा जेवून तृप्त झालेला. "महेश, उद्या वाचून दाखवताना त्या शब्दाचं मराठी करत बसू नकोस. आहे तसा वाच. उगाच तमाशा नको. सही घे आणि मोकळा हो. तुझ्याच भागातला आहे ना तो? तुझं ऐकेल."

तुझ्याच भागातला. सुरगाण्याकडचा कुणीही अडचणीत आला की धनराज सरांना महेशचा भाग आठवायचा, एरवी नाही. चौकशीला बाहेरून एक वकील यायचे, टेबलाच्या या बाजूला कंपनी, त्या बाजूला कामगार, आणि कामगाराला त्याच्यावरचा आरोप त्याच्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे असा नियम होता. तो नियम म्हणजे महेश. इंग्रजीचं मराठी करायचं, आणि कुठे करायचं नाही तेही ओळखायचं, हे त्याचं काम. आजवर त्याने ते बिनबोभाट केलं होतं. पण आज तो अर्धवट दाढीने आरशासमोर उभा राहून त्या शब्दाला मराठीत शिव्या घालत होता आणि शिव्या संपत नव्हत्या. संध्याने दार वाजवलं. "अहो, झालं की नाही? कुणाशी बोलताय आत?" तो बाहेर आला तशी ती त्याच्याकडे बघतच राहिली. हातातली मेथीची जुडी तशीच धरून म्हणाली, "डोळे लाल दिसतायत तुमचे. ताप आहे का?" "नाही," महेश म्हणाला. "बघू," म्हणून ती पुढे आली, तर तो बाजूला झाला. "नाही म्हटलं ना. काही झालेलं नाही मला." तिने खांदे उडवले आणि जुडी निवडायला बसली. लग्न झाल्यापासून तिला हे माहीत होतं. हा माणूस सर्दीने फणफणला तरी स्वतःला आजारी म्हणवून घेत नसे, रजेचा तर विषयच नाही, आणि कुणी कपाळाला हात लावू गेलं की वसकन अंगावर येई.

स्कूटर त्र्यंबक रोडला लागली तरी अंगातली कणकण जाईना. ती रागाची आहे असं त्याने ठरवून टाकलं. सिग्नलला बाजूच्या कंपनीच्या बसमधून माणसं खिडकीला डोकी टेकवून झोपलेली दिसत होती, रात्रपाळीची. त्यांच्याकडे बघता बघता त्याला आश्रमशाळेचं मैदान आठवलं. तिसरीत की चौथीत असताना प्रार्थनेच्या रांगेत त्याच्या पायांतलं बळच गेलं होतं आणि तो खाली बसला होता. अधीक्षक आले. "काय रे, नाटकं करतो?" महेश म्हणाला, ताप आलाय. अधीक्षक त्याच्यापासून हाताच्या अंतरावर उभे होते. तो हात त्यांनी पुढे केला असता तर काम झालं असतं, पण त्यांनी तो मागे बांधलेलाच ठेवला आणि त्याला झेंड्याच्या खांबाजवळ उन्हात उभं केलं. सगळ्या वर्गांनी जाता-येता बघितलं. पोरं हसली. त्या खांबाचा रंग उडालेला होता, गंजाचा वास येत होता, आणि तिथे उभं राहून महेशला हळूहळू वाटायला लागलं होतं की आपल्याला ताप नसावाच. एवढा मोठा माणूस म्हणतोय तर नसेल. आपण नाटकच करत असू आणि आपल्यालाच ते कळलं नसेल. बाजाराच्या दिवशी आई आली. सखुबाईने दारातच त्याच्या कपाळावर उलटा हात ठेवला, कुणाशी एक अक्षर न बोलता त्याचं बोचकं उचललं आणि त्याला जीपमध्ये घालून घरी नेलं. वाटेत तेवढं म्हणाली, "एवढा तापला व्हतास, त सांगायचं नाय?" त्याने सांगितलं होतं. पण ते आईला सांगायचं त्याच्या अंगात त्राण नव्हतं, आणि पुढे कधी सांगायची इच्छा उरली नाही. तेव्हापासून स्वतःच्या तापावर त्याचा विश्वास नव्हता. अंग तापलं की पहिला विचार यायचा तो हा, की कुणी बघितलं तर काय म्हणेल.

कंपनीच्या गेटसमोर टपरीवर त्याने चहा घेतला आणि पुन्हा मोबाइल काढला. खाजवून खाजवून रक्त काढावं तसं त्याचं चाललं होतं. शब्दाच्या वापराची उदाहरणं खाली दिली होती. एकात सैनिक होता, एकात कैदी होता, एकात मळ्यावर राबणारा गुलाम होता, बाकी सगळीकडे कामगार. मालक कुठेच नव्हता. कर्नल नव्हता, जेलर नव्हता. म्हणजे हा शब्द पाण्यासारखा फक्त उतारावरच वाहतो, महेशच्या मनात आलं. खाली आणखी बारीक अक्षरांत शब्दाचं मूळ दिलं होतं. एका जुन्या फ्रेंच शब्दावरून आला असावा, त्याचा अर्थ आजारी, अशक्त. बस, एवढाच. मुळात खोटेपणा नव्हताच! कुठल्यातरी गावात कुणीतरी नुसता आजारी होता, अंगाने रोड, कामाला न झेपणारा. मग कुण्या साहेबाने त्याच्याकडे बघून मान हलवली असेल, आणि त्या आजाऱ्याच्या नावातच लबाडी भरली गेली असेल. पिढ्यान् पिढ्या साहेब बदलले, आजारी माणसं मेली, शब्द तेवढा धडधाकट राहिला, समुद्र ओलांडून सातपूरच्या प्रेस शॉपपर्यंत आला आणि गोटीदादाच्या पाठीवर येऊन बसला.

गोटीदादा. कंपनीच्या आत महेश त्याला भोये म्हणायचा आणि तो महेशला साहेब म्हणायचा, अगदी मनापासून, टोमणा म्हणून नाही. तेच जास्त लागायचं. डिप्लोमाला नाशकात आला तेव्हा महेश याच माणसाच्या पत्र्याच्या खोलीत राहिला होता. खाट एकच होती. गोटीराम दिवसपाळीला असला तर रात्री स्वतः खाली पोतं टाकून झोपायचा आणि म्हणायचा, "तू वर झोप. तुला अभ्यास हाय. मला काय, खालीच झोप लागती." पुढे महेशला खुर्ची मिळाली तेव्हा गावाकडे सगळ्यांना सांगत सुटला होता, आपला मानूस आत हाय. चैत्रात प्रेसवर, पत्रा दाबायच्या मशीनवर, मालाचा भरलेला ट्रे उचलताना त्याच्या कमरेत काहीतरी मोडल्यासारखं झालं. पाळी संपेपर्यंत त्याने ट्रे उचलणं सोडलं नाही, कारण मध्येच सोडलं तर नाव खराब होतं. दुसऱ्या दिवशी त्याला उठता येईना. कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवलं, आपण कॉम्प्युटरकडे तोंड करून काही प्रश्न विचारले, पाय उचल म्हणाले, आणि पाठीला हात न लावता गोळ्या लिहून दिल्या. हे महेशने केबिनच्या काचेतून स्वतः पाहिलं होतं. तेव्हा त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. डॉक्टर बिझी होते.

आणि मग आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, गोटीराम रजेवर असताना गावात बोहाडा आला. देवादिकांचे लाकडी मुखवटे रात्रभर नाचवायचे, एकेक मुखवटा एकेका घराच्या मानाचा. भोयांच्या घरात दहा तोंडांचा रावण. उचलायला दोन माणसं लागतात, नाचवतो एकच. भाऊ द्राक्षाच्या मळ्यावर गेलेला, बाप थकलेला. पण खरं कारण ते नव्हतं. गोटीरामने नवस बोलला होता. पाठ बरी होऊ दे, यंदा मीच नाचवीन. ज्याचं दुखतं त्याने नाचायचं, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दुखणं घेऊनच नाचायचं असतं, नाहीतर देवाला द्यायचं काय? महेश त्या वेळी तिथे होता. पहाट फुटता फुटता रावण निघाला, संबळ लागला, आणि गोटीराम असा नाचला की म्हाताऱ्या बाया रडल्या. कुण्या हौशी पोराने ते सगळं मोबाइलवर घेऊन यूट्यूबला टाकलं. पण मुखवटा उतरवल्यावर त्या पोराने मोबाइल खिशात घातला होता. पुढचं महेशने पाहिलं. गोटीरामला चौघांनी धरून घरात नेलं, सारवलेल्या जमिनीवर पालथं घातलं, त्याची बायको धोंडाबाई फडक्यात गुंडाळलेल्या विटा चुलीवरून काढून त्याच्या कमरेवर ठेवत होती आणि तो टॉवेल दातांत धरून जमिनीवर हात आपटत होता. मग श्वास आल्यावर महेशकडे बघून हसला. म्हणाला, "आता बरी व्हईल बघ." उन्हं वर आली होती. तो व्हिडिओ पंधरवड्यात धनराज सरांच्या टेबलावर होता आणि डॉक्टरांनी तो पाहून पाठीचं निदान केलं होतं.

महेशने सांगून पाहिलं होतं, नाही असं नाही. नवस असतो सर, ते वेगळं असतं. धनराज सर हसले होते. "अरे, मला नको सांगू. मी पण देवाचं करतो. वणीला दरवर्षी पायी जातो, तुला माहितीये." माहीत होतं. अख्ख्या कंपनीला माहीत होतं. सरांचा गुडघा कामातून गेलेला, त्याला पट्टा बांधून ते गडावर चढतात आणि वर पोचल्यावर फोटो टाकतात, आणि खाली सगळे हात जोडलेली चिन्हं टाकतात. महेशनेही टाकली होती. मागच्या वर्षी त्या गुडघ्यासाठी सरांनी आठवडाभर रजा घेतली आणि त्याच आठवड्यात गड चढले, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, विल पॉवर! तोच डॉक्टर. तशीच रजा, तसंच दुखणं, तसाच देव. एकाच्या वाट्याला विल पॉवर आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला हा गोड आवाजातला शब्द. महेशने चहाचा कागदी कप चुरगाळला तेव्हा उरलेला चहा त्याच्या शर्टाच्या बाहीवर सांडला. त्याला त्याचीही चीड आली.

मीटिंग रूममध्ये एसी लावलेला होता आणि महेशच्या अंगावर काटा आला. वकील साहेब लॅपटॉप उघडून बसले होते. टेबलाच्या पलीकडे गोटीराम इस्त्रीच्या शर्टात, खुर्चीच्या कडेला टेकून, कारण मागे रेलून बसता येत नव्हतं. त्याच्या शेजारी त्याच्या बाजूने आलेला प्रेसवरचा दिनेश, जो सारखा मोबाइल उलटासुलटा करत होता. महेश आत आला तसा गोटीराम उठायला गेला, साहेब आले म्हणून, आणि टेबलाला धरून पुन्हा बसला. धनराज सरांनी वकिलांकडे पाहून भुवई उडवली. ती भुवई महेशने पाहिली. तिच्यात पूर्ण शब्द होता, उच्चारासकट.

महेश वाचू लागला. गैरहजेरीच्या तारखा, रजेचा अर्ज, व्हिडिओ. प्रत्येक वाक्याचं तो सवयीने मराठी करत होता आणि गोटीराम प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. हो, गेलो व्हतो. हो, नाचलो. कुठे नाही म्हणेना. त्याच्या हातात पेन आधीच दिलेलं होतं आणि तो ते नीट उभं धरून बसला होता, पेन कुणीतरी विश्वासाने सांभाळायला दिलंय असं. मग तो शब्द आला. महेशने तो वाचला. इंग्रजीतच वाचला. खोलीत काहीही झालं नाही. गोटीरामने याही शब्दाला मान डोलावली.

त्या डोलवलेल्या मानेने महेशच्या डोक्यात काहीतरी फुटलं. हा माणूस आपल्यावरच्या शिवीला हो म्हणतोय. अतिशय सभ्यपणे, पेन हातात धरून हो म्हणतोय. यासाठीच हा शब्द ठेवणीत ठेवलेला असतो. मराठीत खोटारडा म्हणायचं तर समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं, आवाज चढतो, समोरचाही उठतो, उलट बोलतो, एखादी थोबाडीत मिळते. इथे म्हणणारा कुणी नाही आणि ऐकणाराही कुणी नाही. माणूस तेवढा संपतो. झेंड्याच्या खांबाजवळ उभा राहून तो स्वतःच म्हणतो की मला ताप नसावा. "पुढे," धनराज सर म्हणाले. "सही घे."

"गोटीदादा," महेश म्हणाला. वकिलांनी मान वर केली. कंपनीच्या भिंतींच्या आत ही हाक त्याने कधी मारली नव्हती. "गोटीदादा, थांब. मान नको डोलवू. समजून घे आधी. हे म्हनतात तुझी पाठ दुखत नाय. म्हनतात तू ढोंग करतो. काम नको म्हनून खोटं खोटं झोपून राह्यला. तू लबाड हाय, असं डॉक्टरनी लिवलंय. त्यावर तुझी सही पायजे यांना."

दिनेशचा मोबाइल हातातच थांबला. "महेश!" धनराज सरांचा आवाज. गोटीरामने पेन टेबलावर ठेवलं. ते घरंगळत गेलं आणि खाली पडलं, ते त्याने उचललं नाही. त्याचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग त्यात हळूहळू रक्त चढलं. इतक्या वर्षांत महेशने या माणसाला रागावलेलं पाहिलं नव्हतं. "कुनी लिवलं?" तो म्हणाला. "ज्यानी हात नाय लावला त्यानी?" मग त्याने डॉक्टरांचा विषय सोडला, धनराज सरांनाही सोडलं आणि सरळ महेशकडे पाहिलं. "आन तू काय म्हनतो? तू व्हता ना तिथं. तू सांग. दुखती का नाय माझी पाठ?"

"हे बघा, वाचून दाखवणाऱ्याचं मत इथे घेता येत नाही," वकील म्हणाले.

"घ्या," महेश म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "लिहून घ्या. याची पाठ दुखते. नाचला त्या दिवशीही दुखत होती, आत्ता या खुर्चीतही दुखतेय. मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि डॉक्टरांनी याला हातसुद्धा लावला नाही, तेही मी पाहिलंय. हा शब्द खोटा आहे, सर. शब्दच खोटं बोलतोय." तो उभा राहिला होता हे त्याला उशिरा कळलं. एसीचं वारं मानेवर येत होतं, दात एकमेकांवर आपटत होते, समोरची खिडकी किंचित हलल्यासारखी वाटत होती. धनराज सर खुर्चीत मागे रेलले. त्यांनी आवाज खाली आणला, चारचौघांत शोभेल असा. "महेश, तुला बरं नाहीये का आज?"

पळवाट होती. सरांनी दार किलकिलं करून ठेवलं होतं. सॉरी सर, जरा डोकं दुखतंय, एवढं म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. महेशला स्वतःच्या कपाळाची धग जाणवली. सकाळपासून होती. कालपासून होती. ती रागाची नव्हती, किंवा नुसती रागाची नव्हती.

"नाही सर," तो म्हणाला. "बरं नाहीये. ताप आहे मला. पण मी जे बोललो ते तापात नाही बोललो. दोन्ही खरं आहे. दोन्ही लिहा."

धनराज सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ओठांच्या कोपऱ्यात मघाच्या भुवईतलाच भाव उतरला होता. "वाटत तर नाही तसं," ते म्हणाले.

तेव्हा गोटीराम उठला. दोन्ही हात टेबलावर दाबले, कंबर अर्धी वर आली, तिथे थांबला, दातांवर दात आले, आणि मग बाकीचा वर आला. टेबलाच्या कडेकडेने, एक हात काठावर ठेवत, तो या बाजूला आला. कुणी त्याला थांबवलं नाही. महेशने बाजूला व्हायचं मनात आणलं, पण पाय हलले नाहीत. गोटीरामने उजवा हात उचलला आणि उलटा करून महेशच्या कपाळावर ठेवला. हात खरबरीत होता आणि थंड होता. तो बराच वेळ तसाच राहिला.

"हाय," गोटीराम धनराज सरांकडे वळून म्हणाला. "लय हाय. पोरगा तापलाय."

वकिलांची बोटं लॅपटॉपवर होती. त्यांनी यातलं काहीच टाइप केलं नाही.